मोर्तबाविना पत्र

बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला कुणी फसला की लोक पहिला जाब त्यालाच विचारतात. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट का पाहिला नाही, एवढी घाई कसली होती, शिकल्यासवरल्या माणसाला हे कळू नये का. या जाबामागे एक समजूत आहे: पत्र खरे की खोटे हे ओळखणे वाचणाऱ्याचे काम. ती इतकी रुजली आहे की मुळात तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. पण पत्रव्यवहाराचा जुना इतिहास काढून पाहिला तर ती फार अलीकडची ठरते. शतकानुशतके पत्राच्या खरेपणाची जबाबदारी लिहिणाऱ्या दफ्तरावर आणि पोचवणाऱ्या यंत्रणेवर होती. वाचणारा त्यांनी ठेवलेल्या खुणा तेवढ्या पडताळत असे. ईमेलचे नियम घडले तेव्हा या खुणा गाळल्या गेल्या. गाळण्यामागे कारण होते, आणि त्या वेळेपुरते ते बरोबरही होते. मात्र उरलेले ओझे नकळत वाचणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसले, आणि गेली वीस वर्षे ते उतरवण्याची खटपट चालू आहे.

मराठी दफ्तरांपुरते बोलायचे तर पत्राची राखण किती हातांत वाटलेली असे, हे कोणत्याही अस्सल राजपत्रावरून दिसते. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा, आणि मजकूर संपला तिथे मर्यादामुद्रा. ही दुसरी मुद्रा लहान, पण काम मोठे: तिच्याखाली कुणी ओळ वाढवली तर ती पत्राबाहेरची. सुरनिसाने, म्हणजे सचिवाने, मजकूर तपासायचा, दफ्तरात नोंद झाली की ‘बार’ची खूण पडायची, ‘मोर्तब सुद’ आले म्हणजे शिक्क्याचे काम पुरे. त्यामुळे बनावट पत्र करायचे तर एखाद्याचे अक्षरवळण गिरवून भागत नसे, साऱ्या कचेरीचे सोंग आणावे लागे. लोक तेही आणत. वतनाच्या भांडणांत खोटे कागद पुढे येत, पण ते ताडून पाहायला जुने कागद आणि नोंदी असत. अतिशय नाजूक मजकूर तर कागदावर उतरवतच नसत. ‘बाकीचे जासूद तोंडी सांगेल’ एवढेच लिहीत. (मराठी वाचकाला इथे ‘ध चा मा’ आठवेल. ती कथा इतिहास म्हणून कितपत धरावी हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातही पाठवणारा खरा आहे, मजकूर वाटेत बदलला आहे, आणि तो बदल उघडा पाडणारी खूण कागदावर नाही.)

आता ईमेलकडे येऊ. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्याने अमेरिकेतील केंब्रिज येथे आर्पानेट या जाळ्यावरून एका यंत्रावरचा निरोप दुसऱ्या यंत्रावर पाठवला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ ही खूण घातली. जाळे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे. वापरणारे विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले. 1975 च्या नोव्हेंबरातच जॉन पोस्टेल यांनी आरएफसी 706 या छोट्या टिपणात नको असलेल्या निरोपांचा प्रश्न मांडला होता: एखादे यंत्र बिघडले किंवा त्रास देऊ लागले तर त्याचेच निरोप तेवढे नाकारण्याची सोय घेणाऱ्या यंत्राकडे नाही. म्हणजे धोका ठाऊक नव्हता असे नाही. तरीही 1982 च्या ऑगस्टमध्ये याच पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम, आरएफसी 821, लिहून काढले तेव्हा पाठवणाऱ्याची शहानिशा त्यांत नव्हती. दोन यंत्रांचे बोलणे अगदी साधे: मी अमुक यंत्र, निरोप अमक्याकडून, तमक्यासाठी, आणि हा मजकूर. ‘तमका’ आपल्याकडे आहे का, हे घेणारे यंत्र पाहते. ‘अमका’ मात्र सांगितला तसा मान्य करते. भरीला, मजकुराच्या वर पाठवणाऱ्याच्या नावाची आणखी एक ओळ असते. ती यंत्रांच्या बोलण्यातल्या नावाशी जुळलीच पाहिजे असा नियम नाही, आणि वाचणाऱ्याला पडद्यावर दिसते ती हीच ओळ.

याला गलथानपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. 1982 च्या मे महिन्यात या जाळ्यावर सव्वादोनशेच्या आसपास यंत्रे होती. प्रत्येक यंत्रामागे कुणीतरी जबाबदार माणूस, त्याच्यावर एखादी संस्था, तिच्यावर पैसा देणारे सरकार. खाते मिळवायलाच आधी त्या वर्तुळात शिरावे लागे. पत्रावर शिक्का नव्हता, कारण शिक्क्याचे काम ते वर्तुळच करत होते. 1978 च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे विक्रेते गॅरी थुर्क यांनी सुमारे 400 जणांना एकाच वेळी नव्या संगणकांची जाहिरात पाठवली तेव्हा हे नीट दिसले. जाळे चालवणाऱ्या संरक्षण खात्याच्या कचेरीतून त्यांना समज मिळाली, आणि समज देता आली कारण नाव खरे होते. 1984 च्या 1 एप्रिलला यूझनेट या चर्चांच्या जाळ्यावर सोव्हिएत नेते चेर्नेन्को यांच्या नावाने निरोप झळकला, की सोव्हिएत संघही या जाळ्यात सामील होत आहे. तो ॲमस्टरडॅमच्या एका संगणकतज्ज्ञाने रचलेला विनोद होता आणि अनेकांनी तो खरा धरला. वर्तुळातल्याच माणसाने गंमत म्हणून केले, म्हणून ते हसण्यावारी गेले.

वर्तुळ मोडले ते 1990 च्या दशकात. भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी मुंबईसह मोठ्या शहरांतून सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी हॉटमेलने जगात कुणालाही फुकट पत्ता देऊ केला. त्याच सुमारास अमेरिका ऑनलाइनच्या ग्राहकांना, कंपनीचे कर्मचारी असल्याचे भासवून पासवर्ड मागणारे निरोप येऊ लागले. 4 मे 2000 रोजी ‘आय लव्ह यू’ हा विषय मिरवणारी ईमेल जगभर पसरली. ती ज्याच्या यंत्रात शिरे त्याच्याच पत्तेवहीतल्या लोकांना त्याच्याच नावाने जाई. म्हणजे ओळखीच्या माणसाचा खराखुरा पत्ता हेच तिचे हत्यार. ती जिथून निघाली त्या फिलिपिन्समध्ये अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता आणि संशयिताला सोडून द्यावे लागले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीचा. संगणकाच्या आधाराने तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगणारे 66ड हे कलम मात्र 2008 च्या दुरुस्तीने आले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. टपाल खात्याने तरी पाठवणारा कधी तपासला? पेटीत पत्र टाकणाऱ्याचे नाव कुणी विचारत नव्हते, आणि टपालाने फसवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गुन्हेगारीतून पोलिसांत आलेला फ्रान्सचा व्हिदॉक 1830 च्या दशकात लिहितो की तुरुंगातले भामटे श्रीमंतांना पत्रे धाडत: आपल्या धन्याने पळता पळता अमुक ठिकाणी खजिना पुरला आहे, थोडे पैसे पाठवा, जागा सांगतो. 1980 च्या दशकात नायजेरियातून येणारी घबाडाची पत्रेही आधी टपालानेच आली. हे सगळे खरे आहे. पण टपालात दोन गोष्टी पाठवणाऱ्याच्या हाती नव्हत्या. एक, प्रत्येक पत्राला तिकिटाचा खर्च; हजार माणसांना गळ टाकायचा तर हजार तिकिटे. दुसरी, टपालाचा ठसा. पत्र कुठल्या गावी, कोणत्या दिवशी पेटीत पडले हे खाते लिही, पत्रलेखक नव्हे. मुंबईच्या पेढीचे म्हणवणारे पत्र भलत्याच गावचा ठसा घेऊन आले तर मुनिमाच्या कपाळाला आठी पडे. ईमेलमध्येही वाटेतले प्रत्येक यंत्र आपली नोंद पत्राला जोडते, पण ती पडद्यामागे दडवलेली असते आणि उघडली तरी सामान्य वाचकाला उमजत नाही. खर्च गेला, ठसा लपला. तेव्हा टपालाशी बरोबरी करून ईमेलची सुटका होत नाही.

दुसरा प्रश्न: मग शिक्का तेव्हाच का घातला नाही? घालू पाहणारे होते. टपाल आणि दूरसंचार खात्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 1984 मध्ये एक्स.400 ही रीतसर पद्धत आणली, 1988 च्या आवृत्तीत सुरक्षेची कलमेही घातली. देश, सेवा पुरवणारे खाते, संस्था, विभाग, आडनाव अशा लांबलचक पत्त्यांची ती सरकारी घडण लोकांनी नाकारली, आणि सुटसुटीत पत्त्यांची सैल एसएमटीपी जिंकली. 1991 मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी काढले. त्याने कुणालाही आपल्या पत्रावर बनावट करता न येणारी सही करता येई, पण त्यासाठी किल्ल्या सांभाळणे, दुसऱ्याची किल्ली खरी की खोटी ते ठरवणे असा व्याप वापरणाऱ्याच्याच गळ्यात पडला. शिक्का वाचकाच्या आणि लेखकाच्या खासगी उद्योगावर सोडला की तो उमटत नाही, हे पीजीपीच्या मर्यादित प्रसारावरून दिसते. पेशवाईतल्या सामान्य रयतेनेही मोर्तब स्वतः कोरले नव्हते. अखेर 2001 मध्ये एसएमटीपीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातच कबुली आली, की हे टपाल मुळातच असुरक्षित आहे आणि साधारण माहितगारही खोट्या नावाचे पत्र घडवू शकतो.

त्यानंतर दफ्तर पुन्हा उभे राहू लागले, तुकड्यातुकड्याने. 2006 चे एसपीएफ: आपल्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, याची यादी डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक जाहीर करतो. 2007 चे डीकेआयएम: पाठवणारे यंत्र मजकुरावर गणिती सही करते, आणि वाटेत अक्षर बदलले तर सही जुळत नाही, मर्यादामुद्रेचे काम हे करते म्हणायला हरकत नाही. 2012 मध्ये जाहीर झालेले डीमार्क: वाचकाला दिसणारे डोमेन या दोन खुणांपैकी एकीशी तरी जुळलेच पाहिजे, आणि न जुळणाऱ्या पत्राचे काय करायचे तेही मालकानेच सांगून ठेवायचे. तरी बरीच वर्षे या गोष्टी ऐच्छिक राहिल्या. 2024 च्या फेब्रुवारीत गुगलने, जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 पेक्षा जास्त पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या केल्या. याहूनेही तशीच सक्ती आणली. 1982 पासून मोजले तर बेचाळीस वर्षे. एवढा उशीर लागला याचे कारण तंत्रात शोधू नये. शिक्का न मारण्याचा तोटा शिक्का मारू शकणाऱ्यांच्या खिशाला लागत नव्हता, फसणाऱ्याच्या लागत होता.

पण शिक्क्याने सगळे भागते असा दावा इथे नाही, आणि त्याविरुद्धचा सर्वांत कडक पुरावा सतराव्या शतकातला आहे. 1681 च्या जानेवारीत शाहजादा अकबर बंड करून, राजपुतांच्या बळावर, अजमेरजवळ बापापुढे उभा ठाकला. औरंगजेबाने त्याला पत्र लिहिले: राजपुतांना सापळ्यात आणण्याची कामगिरी तू ठरल्याप्रमाणे चोख बजावलीस. आणि ते राजपूत सरदार दुर्गादास राठोडाच्या लोकांच्या हाती पडेल अशी तजवीज केली. राजपूत रातोरात निघून गेले, बंड फसले, आणि अकबर दुर्गादासाच्या सोबतीने संभाजीराजांच्या आश्रयाला आला. हे पत्र बनावट नव्हते. पाठवणारा खरा, मजकूर त्याचाच. खोटा होता तो हेतू, आणि कोणतीही मुद्रा हेतूची ग्वाही देत नाही. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेत 2015 मध्ये नोकरी मागणाऱ्या उमेदवाराच्या ईमेल आल्या, त्या जीमेलच्या खऱ्या खात्यांवरून. त्यांतून शिरलेल्या चोरांनी पुढच्या फेब्रुवारीत जवळजवळ 95 कोटी डॉलर हलवण्याचे हुकूम सोडले आणि 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलाच्या खात्यांत गेले. त्या अर्जांना आजची कोणतीही तपासणी अडवती असे वाटत नाही.

तेव्हा वाचकाला शहाणे करणे हाच उपाय उरतो, असे कुणी म्हणेल. शिकवावे जरूर, पण त्यावर विसंबणे अनुभवाला धरून नाही. 2016 च्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गुगलच्या नावाने खोटी ईमेल आली. कचेरीने ती आपल्याच संगणक-साहाय्यकाला दाखवली, आणि त्याच्या उत्तरात ती ‘खरी’ ठरली. शहाण्याला विचारूनही फसगत झाली. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये जे केले ते मला जुन्या दफ्तराच्या जास्त जवळचे वाटते: भारतीय बँकांना ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन, नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे, आणि स्थलांतराला 31 ऑक्टोबरची मुदत. शिक्का कोरण्याचा अधिकार एकाच हाती आणि वाचकाने पाहायची खूण एकच, शेपटाची. ही सोय बँकांपुरती आहे. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची ईमेल चोराने ताब्यात घेतली आणि तिच्यावरूनच ‘आमचा खातेक्रमांक बदलला आहे’ असे कळवले तर वरच्या साऱ्या तपासण्या त्या पत्राला खरेच म्हणतील. कंपन्यांच्या पत्रव्यवहारातल्या अशा फसवणुकीत 2023 या एका वर्षात सुमारे 290 कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे नोंदल्या गेल्या. तिथे जासुदाची तोंडी खात्रीच कामी येते: पैसे सोडण्याआधी व्यापाऱ्याला फोन करायचा, आणि नंबर त्या ईमेलमधून न घेता जुन्या बिलावरून घ्यायचा.