मावळातील माउंटन बायकिंग : नदीखोरी, लेणी आणि गडवाटा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या नदीखोऱ्यांना मावळ म्हणतात. त्यांपैकी इंद्रायणी आणि पवना या नद्यांची खोरी माउंटन बाइक चालवणाऱ्यांच्या विशेष ओळखीची आहेत. कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी आणि लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले इथे जवळजवळ आहेत. त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, पाणंदी आणि खिंडी आजही वापरात आहेत. मात्र या वाटा सायकलसाठी तयार झालेल्या नाहीत आणि त्या टिकतील की नाही, हे सायकलस्वारांच्या हातात फारसे नाही.

माउंटन बाइक म्हणजे काय?

कच्च्या, दगडगोट्यांच्या आणि चढउताराच्या वाटेवर चालवण्यासाठी बनवलेली ही सायकल आहे. तिचे टायर रुंद आणि खोल खाचांचे असतात. पुढच्या चाकाला, आणि काही प्रकारांत मागच्यालाही, धक्के शोषणारे सस्पेन्शन असते. चढासाठी अगदी हलके गिअर आणि उतारासाठी डिस्क ब्रेक असतात.

हा प्रकार अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमध्ये १९७०च्या दशकात घडला. तिथले तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर शर्यती लावत. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही त्या काळातली नावे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून माउंटन बायकिंगची क्रॉस-कंट्री शर्यत ऑलिंपिकमध्ये आहे.

खोऱ्याची घडण

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थर कड्याच्या रूपात उभे राहतात आणि त्यांच्यामधले मऊ थर झिजून तिथे सपाटी तयार होते. त्यामुळे मावळातला डोंगर पायऱ्यांसारखा दिसतो : उतार, सपाटी, कडा, पुन्हा सपाटी.

वाटांची आखणीही यावरूनच ठरली. खोऱ्याच्या तळाशी नदीला धरून जाणारी वाट सौम्य असते. सपाटीवरून डोंगराला वळसा घालणारी वाटही सोपी असते. अडचण येते ती एका पायरीवरून दुसरीवर जाताना. कडा जिथे तुटलेला असतो, तिथेच खिंड सापडते. लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड आणि पवनेच्या बाजूची दुधिवरे खिंड ही याची उदाहरणे आहेत.

चढाचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो धरले आणि स्वार सतत १५० वॅट शक्ती लावतो असे मानले, तर शेकडा ५ चढाच्या कच्च्या वाटेवर त्याचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास राहतो. चढ शेकडा २० झाला की तो ताशी साडेतीन किलोमीटरच्याही खाली येतो, म्हणजे चालण्यापेक्षाही कमी. अशा जागी उतरून सायकल ढकलणेच शहाणपणाचे असते. जुन्या काळी ओझ्याच्या बैलांचे तांडेही सौम्य चढच शोधत असत.

लेणी : व्यापारी मार्गाच्या खुणा

कल्याण, सोपारा, चौल या कोकणातल्या बंदरांतून माल घाट चढून देशावर येई. बोरघाट हा त्यांपैकी एक महत्त्वाचा घाट. घाटमाथ्यावर आल्यावर इंद्रायणीचे खोरे आपोआप पुढची वाट दाखवते. या वाटेच्या दोन्ही अंगांना, कठीण थरात, बौद्ध लेणी कोरली गेली.

भाज्याच्या २२ लेण्यांमधली सर्वांत जुनी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह देशातील कोरीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठे असून त्याच्या छताला अजून मूळच्या लाकडी कमानी आहेत. तिथल्या ब्राह्मी लिपीतल्या लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सुतार आहे, गंध विकणारा आहे आणि स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. ही वाट किती लोकांची होती, हे त्यावरून कळते. दक्षिणेला पवनेच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर बेडसे लेणी आहेत.

किल्ले : वाटेवरची नजर

लेण्यांच्या वर, त्याच डोंगरांच्या माथ्यावर किल्ले आहेत. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, तर किल्ल्यांचे माथे १,००० मीटरच्या आसपास आहेत. त्यामुळे घाटातून येणारे-जाणारे वरून दिसत. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. लोहगड १६७० मध्ये परत घेतला गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या १२ किल्ल्यांमध्येही लोहगड आहे.

एक नेहमीची फेरी

मळवली स्थानकातून भाजे गाव, तिथून खडा चढ चढून गायमुख खिंड आणि लोहगडवाडी, पुढे दुधिवरे खिंडीच्या बाजूने पवनेच्या खोऱ्यात उतार, पवनानगर, बेडसे आणि शेवटी कामशेत अशी फेरी करता येते. सरावलेल्या स्वाराला ती एका दिवसात होते. तिच्यात डांबरी, सिमेंटची आणि कच्ची अशी तिन्ही प्रकारची वाट लागते. उतारावर जलाशयापलीकडे तुंग आणि तिकोना दिसतात. या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत आणि पवनेचे पाणी पुढे पिंपरी-चिंचवडला जाते.

कोणत्या दिवसांत जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजूला पाऊस फार असतो. कातळावर शेवाळ धरते, ओढे अचानक चढतात आणि धुक्यात कडा दिसत नाही. ओल्या मातीत चाकाने पडलेल्या चरातून पाणी वाहू लागते आणि वाटेचा ओघळ होतो. भाताच्या खाचरांचे बांध याच दिवसांत मऊ असतात, त्यामुळे त्यांवरून सायकल नेणे म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान. इंद्रायणी हा प्रसिद्ध भाताचा वाण वडगाव मावळच्याच भात संशोधन केंद्रातला आहे. मार्चपासून ऊन वाढते, झरे आटतात आणि वाळलेल्या गवताला वणवा लागण्याची भीती असते.

सायकल कुठे थांबते?

कार्ले, भाजे व बेडसे लेणी आणि लोहगड व विसापूर हे किल्ले केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८च्या कायद्यानुसार त्यांची नासधूस हा गुन्हा आहे. गडाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवल्याची चित्रफीत कितीही थरारक वाटली, तरी धातूच्या पेडलचा आणि चाकांचा मार जुन्या दगडाला सोसत नाही. सायकल पायथ्याच्या वाडीत ठेवून पायी वर जाणे हाच योग्य रिवाज. राखीव वनातून जाण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

वहिवाटीचा प्रश्न

खोऱ्यातल्या बऱ्याच वाटा शेतकऱ्यांच्या वहिवाटीमुळे टिकल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. वहिवाटीचा रस्ता अडवला गेला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. हे संरक्षण शेतीसाठी आहे. हौसेने येणाऱ्या सायकलस्वाराला त्याचा आधार नाही. खासगी जमिनीतून तो गावाच्या संमतीवरच जातो.

म्हणूनच जमीन विकली जाऊन तिथे बंगल्याचे कुंपण पडले आणि पलीकडे शेती करणारा कोणी उरला नाही, की वाटेसाठी दाद मागणाराही उरत नाही. गावाला हवा असलेला सिमेंटचा रस्ता झाला तर कच्ची वाट जाते, पण जाण्यायेण्याची सोय राहते. कुंपण पडले तर दोन्ही जातात.

स्वाराच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत : शेतात माणूस दिसला तर थांबून विचारावे, उघडलेले फाटक पुन्हा लावावे, गुरे समोर आली तर सायकलवरून उतरावे, चाक घसरवत ब्रेक मारू नयेत आणि जेवण-चहा वाडीतच घ्यावा. हेल्मेट, जादा ट्यूब, पंप आणि दोन लिटर पाणी सोबत असावे, कारण खिंडीच्या वर मदत लवकर मिळत नाही.