पाण्याची रेल्वे आणि घरातला गळका नळ

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे पहाटे लातूरला पोचली. १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. त्या वेळी मी आमच्या तालुक्याच्या गावातून दुष्काळाच्याच बातम्या देत होतो. देशभरातले कॅमेरे आले, नंतर श्रेयाचं राजकारणही झालं. पण एक साधा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती ३ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे त्या पहिल्या गाडीतलं पाणी माणशी जेमतेम सव्वा लिटर! पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. तरी माणशी साडेसहा लिटरच. एका बादलीचंही पाणी नाही.

ही वेळ एका दिवसात आली नव्हती. २०१४ आणि २०१५, सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावावं लागलं.

त्याच पावसाळ्यात मांजरात पाणी आलं आणि आपण सगळं विसरलो. आता दर निवडणुकीत उजनीचं पाणी आणायचं आश्वासन मिळतं. ते यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आलेलं पाणी घरात टिकतं का?

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. पाव मिलीलिटरचा थेंब धरला तर दिवसाला २१ लिटर. पहिल्या रेल्वेच्या हिशेबानं हा १६ माणसांचा वाटा झाला! आणि दुरुस्ती कसली, तर बहुतेक वेळा एक वायसर बदलायचा.

न दिसणारी गळती शोधणंही सोपं आहे. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करा, टाकीतल्या पाण्यावर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर कुठंतरी गळतंय. संडासच्या फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की समजा, आतला व्हॉल्व्ह गेलाय.

धरण भरणं आपल्या हातात नाही, सरकारला जाब विचारणं आहे, तो विचारत राहू. पण ज्यांनी २०१६ साली घागरीसाठी रात्र जागून काढली, त्यांनी तरी गळक्या नळाकडे ‘बघू उद्या’ म्हणू नये.