जोंगा हरली का?

जबलपुरात जोंगाचं नाव निघालं की जुने लोक एकच प्रश्न विचारतात: एवढी दमदार गाडी काढून फौजेनं ती हलकी जिप्सी का घेतली? आज याचाच हिशेब करू.

जोंगा मूळची जपानची निसान पॅट्रोल. परवाना घेऊन आपण ती इथल्या व्हेईकल फॅक्टरीत बनवली. जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जोंगा' नाव पडलं, असं सांगतात. मारुती जिप्सी आली १९८५ मध्ये, आणि १९९० च्या दशकात तिनं फौजेत जोंगाची जागा घेतली.

आता आकडे बघा. जोंगाचं पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरचं, ३,९५६ सीसी, ताकद साधारण ११० अश्वशक्ती. पहिल्या जिप्सीचं चार सिलिंडरचं, ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती. पुढे १,२९८ सीसीचं इंजिन आलं. म्हणजे जोंगाचं इंजिन सुरुवातीच्या जिप्सीच्या चौपट! दोघींना पाटे, दोघींना फोर-व्हील, दोघींना लो गिअर. कागदावर जोंगाच जिंकते.

पण जोंगाचं वजन दीड टनापुढे, जिप्सी टनाच्या आसपास. वाळूत किंवा ताज्या बर्फात जड गाडी आधी रुतते. रुतलेली जिप्सी चार-सहा जवान ढकलून काढतात. जोंगाला बहुधा दुसरी गाडी जोडावी लागते. अरुंद घाटात जिप्सी पटकन वळते. जोंगाचं स्टीअरिंग मात्र दंडाची परीक्षा घेतं.

उंचीचंही गणित आहे. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरते, त्यामुळे कार्ब्युरेटरचं इंजिन, मोठं असो वा छोटं, साधारण त्याच प्रमाणात ताकद गमावतं. तरीही जोंगाकडे शिल्लक जास्त राहते. तोफ वाहायला, ट्रेलर ओढायला तीच खरी.

मग निर्णय कशानं झाला? पेट्रोलनं. सीमेवरच्या चौकीत पेट्रोल पंप नसतो. तिथला प्रत्येक लिटर ट्रकनं, खेचरानं किंवा हेलिकॉप्टरनं चढवावा लागतो. चार लिटरचं इंजिन जे पितं, ते आधी कुणीतरी वर वाहून नेलेलं असतं.

म्हणून जोंगा हरली असं मी म्हणणार नाही. ओझ्याची कामं तिचीच होती. पण रोजची गस्त, निरोप आणि अधिकाऱ्यांची ये-जा यांना तेवढ्या ताकदीची गरज नव्हती. गाडी निवडताना इंजिनाआधी तिचं काम आणि रसदीची वाट बघावी. जय हिंद!