मावा, शेतपिकांवरील

मावा : (चिकटा). अर्धपक्ष (हेमिप्टेरा) गणाच्या ॲफिडिडी कुलातील मृदू शरीराच्या कीटकांचे सामान्य नाव. हे सु. १ ते ३ मिमी. लांबीचे कीटक सोंडेने पिकाचा रस शोषितात. त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढून पाने काजळल्यासारखी दिसतात.

लिनीअस यांनी १७५८ मध्ये ॲफिस ही प्रजाती स्थापिली. पुढे केवळ रंगावरून जाती ओळखणे फसवे ठरले. कपाशीवरील ॲफिस गॉसिपाय ही जाती पिवळ्यापासून गडद हिरव्या रंगापर्यंत आढळते. म्हणून पोटाच्या मागील भागावरील नलिकांची जोडी, शेपटी व शृंगिका ही लक्षणे प्रमाण मानली जाऊ लागली.

बीड जिल्ह्यातील तेलगावच्या परिसरात ऊस, कापूस, रब्बी ज्वारी व करडई ही पिके होत असल्याने जातिभेद जाणणे अगत्याचे ठरते. ज्वारीच्या पोंग्यातील मावा निळसर हिरवा, तर पानांच्या खालच्या बाजूचा पिवळसर असून या दोन भिन्न जाती होत. करडईवरील मावा काळा व आकाराने मोठा असतो.

लोकरी माव्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जावा बेटात काम करणाऱ्या झेंटनर यांनी १८९७ मध्ये या जातीचे (सेरॅटोवॅक्यूना लॅनिजेरा) वर्णन केले. ज्वारीवरील पिवळसर माव्याचे वर्णनही त्यांनी त्याच वर्षी केले होते. भारतात प. बंगालमधील नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ पूर्व व ईशान्य भारतापुरती मर्यादित असलेली ही कीड २००२ मध्ये सांगली जिल्ह्यातील उसावर आढळली आणि अल्पावधीत प. महाराष्ट्र, उ. कर्नाटक व पुढे मराठवाड्यात पसरली. पानाखालील पांढऱ्या, मेणचट तंतूंच्या आवरणामुळे ती प्रथमदर्शनी पिठ्या ढेकणासारखी भासते. उंच वाढलेल्या उसात फवारणी कष्टाची होती. शिवाय तीत माव्याचे भक्षकही मरत.

याच वसाहतींत डायफा ॲफिडिव्होरा या पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस इगोरोटस हा कीटक मावा खाताना आढळले. त्यांची पैदास करून ते शेतांत सोडण्यात आले. ईशान्य भारतातील एन्कार्सिया या परजीवी कीटकाचाही उपयोग करण्यात आला. त्यानंतरच्या काळात प्रादुर्भाव पुष्कळ ओसरला. मावा खाणारी अळी कीड समजून मारली गेल्यास पिकाचे नैसर्गिक संरक्षण नाहीसे होते. म्हणून माव्याची ओळख ही त्याच्या शत्रूंच्या ओळखीवाचून अपुरी राहते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.