हार्लेमच्या रुग्णालयातील भिंती

कला आणि आरोग्य यांचा संबंध सांगणारी व्याख्याने अलीकडे आमच्या महाविद्यालयातही होतात. रंग हाती घेतले की मनावरचा ताण हलका होतो, असे त्यांत सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु हा ताण कोणाचा, तो निर्माण कोणी केला आणि रंग हाती घ्यायला आजवर जागा कोणी नाकारली, हे प्रश्न तेथे उपस्थित होत नाहीत. न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीने ते उपस्थित केले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. ते नाते नावापुरते राहू नये म्हणून हा इतिहास मी येथे मांडतो आहे.

१९३० नंतरचे हार्लेम म्हणजे दक्षिणेतील वर्णद्वेष व दारिद्र्य मागे टाकून आलेल्या काळ्या माणसांची दाट वस्ती. चढी भाडी, कोंदट खोल्या, मंदीतली बेकारी आणि क्षय हे तेथले रोजचे जगणे. १९ मार्च १९३५ रोजी तेथे दंगल उसळली. महापौरांनी नेमलेल्या चौकशी आयोगासाठी समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी संशोधन केले. घरे, रोजगार, पोलिसांची दडपशाही यांच्याबरोबरच हार्लेम रुग्णालयाची दुरवस्थाही त्यातून पुढे आली. रोग शरीरात दिसत होता, पण त्याचे मूळ समाजव्यवस्थेत होते.

याच वस्तीत ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार मुलांना शिकवीत होत्या. लहानपणी मातीच्या आकृत्या घडवते म्हणून धर्मोपदेशक बापाने त्यांना मारले होते. १९२३ साली फ्रान्समधील फाँतेन्ब्लो येथील कलावर्गात त्यांना प्रवेश नाकारला गेला, तो केवळ वर्णामुळे. पुढे त्यांनी आपल्या स्टुडिओचे दार वस्तीला उघडे केले. १९३७ मध्ये सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर निघाले आणि त्या त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. मुले आणि प्रौढ तेथे विनामूल्य शिकत. बेकार कलावंताला पगार मिळाला आणि वस्तीला शाळा मिळाली.

या वातावरणात घडलेले एक चित्रकार म्हणजे जेकब लॉरेन्स. १९३० मध्ये तेराव्या वर्षी ते हार्लेममध्ये आले. कामावर जाणाऱ्या आईने मुलगा रस्त्यावर भटकू नये म्हणून त्यांना शाळेनंतरच्या कलावर्गात घातले. तेथे चार्ल्स ऑल्स्टन शिकवीत. १९४०-४१ मध्ये लॉरेन्स यांनी काळ्यांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका केली. तिच्यातले एक चित्र क्षयाने शहरात झालेल्या मृत्यूंचे आहे. त्यात माणसे शवपेटी वाहून नेत आहेत. १९४९ साली मन आजारी पडले, तेव्हा ते स्वतःहून क्वीन्समधील हिलसाइड रुग्णालयात दाखल झाले आणि तेथल्या रुग्णांच्या जीवनावर त्यांनी चित्रे काढली. आजार कलेने टळला नाही, हे लक्षात घ्यावे. मात्र आजाराकडे लाज न बाळगता पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती.

खरा संघर्ष झाला तो १९३६ मध्ये, रुग्णालयाच्या भिंतींवरून. ऑल्स्टन यांच्या देखरेखीखाली हार्लेम रुग्णालयासाठी भित्तिचित्रे ठरली होती. त्यांपैकी चार आराखडे रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांनी नाकारले. कारणे पाहा: त्यांत काळ्यांचे विषय फार आहेत, पंचवीस वर्षांनी येथे काळ्यांचीच वस्ती असेल असे नाही, हे रुग्णालय काही काळ्यांचे नव्हे. म्हणजे खाटेवर काळा रुग्ण चालतो, भिंतीवर काळा डॉक्टर चालत नाही! हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड आणि आर्टिस्ट्स युनियन यांनी निषेध केला, वृत्तपत्रांतून आवाज उठवला, आणि चित्रे भिंतींवर आली. ऑल्स्टन यांच्या दोन चित्रांपैकी एकात आफ्रिकेची पारंपरिक उपचारविद्या आहे, दुसऱ्यात काळे-गोरे डॉक्टर बरोबरीने काम करताना दिसतात.

विशीतल्या जॉर्जेट सीब्रुक यांनी परिचारिकांच्या विश्रांतिगृहासाठी हार्लेमचे रोजचे जीवन रंगवले. त्यात गोरे चेहरे घाला, असे त्यांना सांगण्यात आले, आणि ते घालावे लागले. याच सीब्रुक पुढे वॉशिंग्टनमध्ये कलोपचारतज्ज्ञ झाल्या व मनोरुग्णांबरोबर काम करू लागल्या. कलेतून उपचार ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पुस्तकातून येण्याआधी भिंतीवरच्या भांडणातून आली होती, असे मला वाटते.

सरकारी पैसा आटला आणि १९४२ च्या सुमारास कला केंद्र बंद पडले. भित्तिचित्रे मात्र राहिली. २०१२ मध्ये रुग्णालयाच्या नव्या इमारतीत ती जतन करून मांडली गेली.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले; ते गावोगाव नेले आंबेडकरी जलशांनी. माझे आजोबा सांगत, दारू सोडा, मुले शाळेत घाला, हे त्यांनी प्रथम ऐकले ते ढोलकीच्या तालावर. ती आरोग्याचीच चळवळ होती, फक्त तिला कोणी कार्यशाळा म्हटले नाही.

म्हणून वस्तीत कलेचे शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी आधी विचाराव्यात: जागा कोणाची, पैसा कोणाचा आणि काय रंगवायचे हे ठरवणार कोण. सफाई कामगारांच्या वस्तीत फुले-पाखरे रंगवून निघून जाणे सोपे आहे. त्या वस्तीतल्या पोरीला गटारात उतरलेला बाप रंगवावासा वाटला, तर दवाखान्याची भिंत तिला मिळणार आहे का?