डोळ्यांसमोर न येणारा किल्ला

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी केली. इतिहासाच्या तासाला हा धडा आला, की आम्ही शिक्षक हमखास म्हणतो, ‘‘मुलांनो, डोळे मिटा आणि किल्ला डोळ्यांसमोर आणा.’’ काही मुलांना तट, बुरूज, लाटा सारे लख्ख दिसते. काहींना पुसट आकृती दिसते. एखाद्याला मात्र काहीच दिसत नाही. हा विद्यार्थी बहुधा गप्प बसतो. बोललाच, तर ‘लक्ष नाही’ किंवा ‘कल्पनाशक्ती कमी’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. तो शेरा न्याय्य आहे का?

हा प्रश्न जुना आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने अनेकांना एक प्रश्नावली पाठवली होती. आज सकाळचे न्याहारीचे टेबल आठवा. चित्र उजळ आहे की अंधूक? वस्तू रेखीव दिसतात का? रंग खरे वाटतात का? त्याचा निबंध १८८० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उत्तरे वाचून गाल्टन चकित झाला होता. कोणाला चित्र प्रत्यक्षाइतके स्पष्ट दिसे, तर कोणाला मुळीच दिसत नसे. ‘मनातले चित्र’ ही केवळ बोलण्याची रीत आहे, अशीच काहींची समजूत होती! शास्त्रज्ञांमध्ये अशी माणसे फार, असेही गाल्टनने म्हटले. पण २००६ मध्ये झालेल्या फेरतपासणीत हे विधान टिकले नाही.

यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनात चित्र न उमटण्याच्या या स्थितीला ‘अफँटेझिया’ असे नाव दिले. निकष किती कडक लावावा यावर आकडा अवलंबून असला, तरी शंभरात एक ते चार माणसे अशी असावीत. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात एखादे मूल असणे मुळीच नवलाचे नाही.

पण हा फरक खरा कशावरून? लख्ख उजेडाची नुसती कल्पना केली, तरी बहुतेकांच्या डोळ्यांची बाहुली किंचित आकुंचन पावते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अफँटेझिया असलेल्यांमध्ये असे आकुंचन आढळले नाही. प्रत्यक्ष उजेडात मात्र त्यांची बाहुली इतरांसारखीच आकसली.

शिक्षकांना अधिक उपयोगी प्रयोग २०२१ चा आहे. लोकांना खोल्यांची छायाचित्रे दाखवून नंतर आठवणीने ती चित्रे काढायला सांगितली. अफँटेझिया असलेल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंगही कमी वापरले. परंतु वस्तूंच्या जागा आणि आकार इतरांइतकेच अचूक होते. शिवाय मूळ चित्रात नसलेल्या वस्तू त्यांनी कमी घुसडल्या. म्हणजे चित्र दिसत नसले, तरी ‘काय कुठे आहे’ हे ज्ञान शाबूत असते.

सिंधुदुर्गाचेच उदाहरण घ्या. त्याचा महादरवाजा तटाच्या वळणात असा दडवलेला आहे, की दुरून तो दिसत नाही. तरी होडीवाला होडी बरोबर तिथेच नेतो. दिसणे वेगळे आणि ठाऊक असणे वेगळे.

मग वर्गात काय करावे? याच जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. कथेकरी रामायण-महाभारतातील प्रसंग गाताना त्या त्या प्रसंगाचे चित्र श्रोत्यांपुढे धरतो. ते मनात उमटवण्याचे ओझे तो श्रोत्यावर टाकत नाही. आपणही ‘डोळे मिटा’ म्हणण्याबरोबर फळ्यावर नकाशा काढावा, मातीचा किल्ला करून घ्यावा, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी किल्ल्यात का हव्यात, हे विचारावे. डोळे मिटल्यावर ज्याला काही दिसले नाही, तोही त्याचे उत्तर नेमके देऊ शकेल.