वाढत्या झाडाचा करार

शेतकऱ्याने लावलेल्या झाडाचे मोल लाकूड, फळ, चारा आणि सावली यांत मोजण्याची रीत फार जुनी आहे. परंतु झाड उभे असतानाच, त्याने हवेतून शोषून खोडामुळांत साठवलेल्या कार्बनपोटी दूरदेशीच्या ग्राहकाने पैसे द्यावेत, हा व्यवहार विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. जलद वाढणारी झाडे मोठ्या प्रमाणावर लावून हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड काही काळ थोपवता येईल, असे भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९७७ मध्ये मांडले होते, मात्र त्या विचाराला ग्राहक मिळायला आणखी दशकभर जावे लागले.

हा पहिला ग्राहक म्हणजे अप्लाइड एनर्जी सर्व्हिसेस ही अमेरिकी वीज कंपनी. कनेक्टिकट राज्यातील आपल्या नव्या कोळसा वीजकेंद्राच्या धुराची भरपाई करण्यासाठी तिने १९८८ मध्ये ग्वाटेमालातील वृक्षलागवडीला २० लाख डॉलर देऊ केले. सुमारे ४०,००० शेतकऱ्यांनी दहा वर्षांत पाच कोटींहून अधिक झाडे लावावीत, अशी ती योजना होती आणि ‘केअर’ ही मदतसंस्था ती राबवणार होती. शेतकऱ्याला रोपे आणि मार्गदर्शन मिळाले, पण कार्बनच्या हिशेबात तो पक्षकार नव्हता. तो हिशेब कंपनीच्या खाती मांडला गेला. पुढील मूल्यमापनात साठलेला कार्बन अपेक्षेहून बराच कमी भरला, यात नवल नाही, कारण मक्याच्या तुकड्यावर पोट असलेल्या कुटुंबाने परक्याच्या धुरासाठी झाड जपावे, असे त्या मांडणीत फारसे काही नव्हते.

शेतकरी खऱ्या अर्थाने विक्रेता झाला तो सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या चियापास राज्यात. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोट्याची व्यवस्था कोलमडून भाव गडगडले होते आणि १९९४ च्या आरंभी तेथे झापातिस्त बंडखोरांचा उठाव झाला होता. अशा काळात कॉफी उत्पादकांची एक संघटना, तेथील संशोधक आणि एडिंबरा विद्यापीठातील वनतज्ज्ञ एकत्र आले व त्यांच्या प्रयत्नांतून ‘स्कोलेल ते’ हा प्रकल्प उभा राहिला. त्सेल्ताल या माया भाषेत या नावाचा अर्थ ‘वाढणारे झाड’ असा होतो. प्रकल्पाचे वेगळेपण त्याच्या कागदात होते. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा नकाशा स्वतःच्या हाताने काढायचा, मका कोठे, कॉफी कोठे, बांधावर सेद्रो किंवा महोगनी यांसारखी इमारती लाकडाची झाडे कोठे, हे त्यावर दाखवायचे आणि त्या आराखड्यावरून तंत्रज्ञांनी कार्बनचा अंदाज बांधायचा. या आराखड्याला स्पॅनिशमध्ये ‘प्लान व्हिवो’, म्हणजे जिवंत आराखडा, म्हणत. पुढे हेच नाव अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या एका मानकाला मिळाले, आणि विक्रीच्या रकमेतील किमान ६० टक्के वाटा शेतकऱ्यांकडे जावा, ही अपेक्षा त्या मानकाने धरली. अक्षरओळख बेताची असली तरी आपले शेत आपल्याला रेखाटता येते, या विश्वासावर करार उभा करणे, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट मानावी लागेल.

१९९७ मध्ये मोटारशर्यतींची आंतरराष्ट्रीय नियामक संघटना ‘स्कोलेल ते’ची पहिली मोठी खरेदीदार झाली. तिने वर्षाला ५,५०० टन कार्बन टनामागे १० डॉलर दराने घेण्याचे ठरवले. तेव्हा माप शुद्ध कार्बनचे होते. एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणून आजच्या मापात तो दर पावणेतीन डॉलरही भरत नाही. रक्कम एकदम हाती येत नसे. सुरुवातीचा हप्ता रोपांसाठी मिळे आणि पुढचे हप्ते किती रोपे जगली हे पाहून मिळत. मात्र सामूहिक जमिनीवरील हक्क बहुतांशी पुरुषांच्या नावे असल्यामुळे स्त्रिया आणि भूमिहीन कुटुंबे या व्यवहाराच्या बरीचशी बाहेरच राहिली, आणि ही उणीव लहान नव्हती.

हवामानबदलाविषयीच्या क्योटो कराराने १९९७ च्या डिसेंबरात कार्बन व्यापाराला आंतरराष्ट्रीय चौकट दिली, तरी छोट्या शेतकऱ्याला तिचा आधार फारसा मिळाला नाही. झाड जळू शकते, तोडले जाऊ शकते, या शंकेपायी वृक्षलागवडीला केवळ मुदतीची, म्हणजे ठरावीक काळानंतर बाद होणारी, कार्बन क्रेडिट देण्याचे ठरले, आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय कार्बन बाजाराने तीही स्वीकारली नाहीत. त्यामुळे असे प्रकल्प स्वेच्छेने खरेदी करणाऱ्यांच्या बाजारावर विसंबून राहिले.

झाडाच्या टिकाऊपणाविषयीच्या या शंकेला चियापासच्या आराखड्यांनी आपल्या परीने उत्तर दिले होते. लागवड, वाढ, तोड आणि पुन्हा लागवड अशा अनेक फेऱ्यांत जमिनीवर सरासरी जेवढा कार्बन उभा राहील, तेवढाच विकायचा, अशी ती पद्धत होती. म्हणून सेद्रो पक्व झाल्यावर तो तोडण्याचा आणि त्याचे लाकूड विकण्याचा हक्क शेतकऱ्याकडेच राही, मात्र त्या जागी नवे रोप लावण्याची जबाबदारीही त्याच्यावर येई, आणि ती पार पाडायची वेळ येई तेव्हा कार्बनचा शेवटचा हप्ता कधीच खर्चून गेलेला असे.